घरी फायबर घेतोय, १०० चा प्लॅन घेतला तर खरंच १०० मिळतात का?

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आमच्याकडे अजून तांब्याच्या वायरीवरची जुनी लँडलाईन ब्रॉडबँड आहे, कागदावर ८ एमबीपीएस, येतात ५-६, आणि अपलोड तर पाऊण एमबीपीएसच्या वर जातच नाही. आता गल्लीत फायबर आलंय, दोन कंपन्यांची माणसं येऊन माहिती देऊन गेली आणि आमचा केबलवाला पण म्हणतोय की माझ्याकडून घ्या, उद्या सकाळी लावून देतो. ५०, १००, १५०, ३०० असे प्लॅन सांगतायत.

घर तळमजला आणि वर एक मजला, जुनं बांधकाम, खालच्या भिंती दगडी चांगल्या दीड फुटी, वरचं नंतर बांधलंय ते विटांचं आणि मध्ये स्लॅब. मी दहावीचं गणित ऑनलाईन शिकवते, ते वरच्या खोलीतून, आणि वर्गाचं रेकॉर्डिंग मुलांसाठी टाकते, दीड-दोन जीबीची फाईल असते ती रात्री अपलोडला लावून झोपायचं आणि सकाळी उठून बघावं तर मध्येच तुटलेलं, मुलं विचारत असतात मॅडम कालचा व्हिडिओ कुठाय. मिस्टरांचं पुण्याच्या कंपनीचं काम घरून चालतं, क्लायंट अमेरिकेतला त्यामुळे रात्री कॉल. सासरे खाली हॉलमध्ये टीव्हीवर मॅच बघतात आणि मुलाचे गेम.

माझा प्रश्न साधा आहे. १०० चा प्लॅन घेतला तर १०० येतात का? कारण समोरच्यांनी १०० चा घेतलाय आणि मोबाईलवर टेस्ट केली की ३५ दाखवतं, कधी ४०. तिसरा हिस्साच येणार असेल तर मग ३०० चाच घ्यावा का, म्हणजे निदान १०० तरी पदरात पडतील?

एका_पेठेतला

३०० घेऊ नका त्या कारणासाठी. समोरच्यांकडे १०० येतच असणार, फक्त ते राउटरपर्यंत येतात आणि राउटर ते मोबाईल या शेवटच्या टप्प्यात गळतात. ३५-४० हा आकडा म्हणजे हमखास २.४ गिगाहर्ट्झचा वायफाय, कंपनीने फुकट दिलेला साधा डबा असतो त्यात बऱ्याचदा तेवढाच बँड असतो, त्यात आजूबाजूच्या घरांचे वायफाय पण त्याच बँडवर बोंबलत असतात, एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल त्यात तीनच (१, ६ आणि ११), मग मिळणार काय. त्यांनी ३०० चा घेतला तरी त्या मोबाईलवर ३५-४० च दिसतील, वरचे पैसे पाण्यात.

त्यांना सांगा लॅपटॉप वायरने थेट डब्याला जोडा, बाकी सगळ्यांचा वायफाय बंद करा, ऑफिसचा व्हीपीएन चालू असेल तर तो पण बंद, आणि मग टेस्ट घ्या. ९० च्या पुढे आलं तर कंपनीने दिलेला शब्द पाळलाय.

अजून एक, हे बऱ्याच लोकांना कुणी सांगत नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो आणि डाउनलोड होताना दिसतं ते मेगाबाइटमध्ये. ८ बिटचा एक बाइट. म्हणजे १०० च्या लाईनवर फाईल उतरताना ११-१२ एमबी दर सेकंदाला दिसेल, ते बघून लोक कस्टमर केअरला भांडतात की १०० चे पैसे घेऊन १२ देताय. १२ म्हणजेच १०० आहे ते.

स्प्लायसिंगवाला_जयसिंगपूर

ताई नमस्कार, मी ह्याच लाईनीतला, फायबर जोडायचं काम करतो आपल्याच भागात. वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय पण घरापर्यंत काय होतंय ते पण समजून घ्या म्हणजे कुणी फसवणार नाही.

तुमची जुनी लाईन तांब्याची, तिच्यात अंतर लई महत्त्वाचं. एक्स्चेंजच्या शेजारी राहणाऱ्याला त्याच टेक्नॉलॉजीवर २० च्या वर पण जायचं आणि तीन-चार किलोमीटरवरच्या माणसाला ५-६ वर समाधान मानायला लागायचं, पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी गेलं की ते पण गेलं. फायबरमध्ये असं नसतंय. ओएलटी म्हणजे जिथून उजेड निघतो ते मशीन, तिथनं पंधरा-वीस किलोमीटरपर्यंत घर असलं तरी स्पीड तोच. उजेड पुरेसा पोचला तर पूर्ण स्पीड आणि नाही पोचला तर लाईन तुटतुट करणार नाहीतर डब्यावर एलओएसचा (उजेड येत नाही हे सांगणारा) लाल दिवा लागून बंदच पडणार. त्यामुळं कुणी सांगितलं ना की तुमचं घर लांब आहे म्हणून १०० च्या जागी ४० येतात, तर ते खोटं आहे.

उजेड मोजायचं मशीन असतंय आमच्याकडं, पॉवर मीटर. माणूस लावायला आला की त्याला म्हणायचं दादा पॉवर किती येतेय ते दाखवा. आकडा उण्यामध्ये येतो, उणे १८ ते उणे २४ डीबीएम (उजेडाचं माप) म्हणजे झकास. उणे २७ च्या पलीकडं गेलं की डब्याला दिसायचं बंद होतं. समजा उणे २६ आलंय आणि तो म्हणतोय चालतंय की, तर चालवून घेऊ नका, आज चालेल पण उन्हाळ्यात वायर ताणली, कुणी जॉइंट हलवला की बसलं. बहुतेक वेळा हिरव्या कनेक्टरच्या टोकाला धूळ असते किंवा वायर कुठंतरी खिळ्यावरनं काटकोनात वाकवलेली असते, पुसून आणि सरळ करून दोन-तीन डीबी सहज परत मिळतात. ३ डीबी म्हणजे उजेड दुप्पट, लक्षात घ्या.

आता वाटणी. एका ओएलटीच्या पोर्टवर ३२ नाहीतर ६४ घरं असतात, मध्ये स्प्लिटर असतो त्यात उजेड वाटला जातो. जीपीओएन नावाचं वाटणीचं तंत्र असलं तर त्या सगळ्या घरांत मिळून खाली यायला अडीच गिगाबिट आणि वर जायला सव्वा गिगाबिट. लहान ऑपरेटरकडं ईपीओएन नावाचं दुसरं तंत्र पण असतंय, ते एकाच गिगाबिटचं. ६४ घरांना १०० दिलं तर बेरीज ६४०० होते हे मान्य, पण सगळी घरं एकाच सेकंदाला पूर्ण ओढत नाहीत, व्हिडिओ बघणारा माणूस ५ ते १५ एमबीपीएस घेतो, म्हणून चालतं. अडचण त्या पोर्टवर कमी आणि पुढं ऑपरेटरनं मागनं किती बँडविड्थ विकत घेतलीय त्यात जास्त असते. ते तपासायची युक्ती एकच, त्याच माणसाच्या दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं जाऊन रात्री साडेनऊला टेस्ट घ्यायची. सकाळी सगळ्यांचंच चांगलं चालतंय.

तुमच्या घराला १०० भरपूर. अपलोड किती ते मात्र लिहून घ्या. तुमचं खरं दुखणं तेच आहे.

कृष्णाकाठ_सांगली

बापरे इतकं सविस्तर, मनापासून आभार. अपलोडचं तुम्ही बरोबर पकडलंत, मी सगळा वेळ डाउनलोडचाच आकडा बघत होते कारण जाहिरातीत तोच असतो. एका कंपनीचा माणूस म्हणाला अपलोड पण तेवढाच, दुसरा म्हणाला मॅडम अपलोड कुणी बघतंय का.

केबलवाल्याबद्दल विचारायचं होतं. तो म्हणतोय फायबरच आहे, पण त्याचा डबा शेजारच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर आहे आणि तिथून आमच्या घरापर्यंत निळी वायर टाकणार, तिच्या टोकाला ते कॉम्प्युटरच्या मागे लागतं ना चौकोनी, तसलं पिन आहे. हे पण फायबरच का?

स्प्लायसिंगवाला_जयसिंगपूर

नाही ताई. फायबर त्या गच्चीपर्यंत आलंय, तुमच्या घरी येणार ती साधी लॅनची वायर. चालत नाही असं नाही, नव्वदेक मीटरच्या आत चांगल्या वायरनं १०० आरामात मिळतात. पण दोन गोष्टी. एक म्हणजे गच्चीवरच्या स्विचला लाईट लागते, त्या अपार्टमेंटची लाईट गेली आणि त्याची बॅटरी मेलेली असली की तुमच्या घरात लाईट असून नेट बंद. खऱ्या फायबरमध्ये मधला स्प्लिटर बिनलाईटीचा असतो, त्याला काहीच लागत नाही. दुसरं म्हणजे पावसाळ्यातल्या विजा. उघड्यावरनं आलेल्या तांब्याच्या वायरीतनं झटका आत येतो आणि राउटरचं पोर्ट, कधी टीव्हीचं, कधी लॅपटॉपचं पण जातं. मृगाच्या पावसात माझ्याकडं असे जळालेले डबे ढिगानं येतात. काच वीज वाहून नेत नाही, फायबरला ती भीती नाही.

घरात येणारी वायर बघून ओळखायचं. फायबरची ड्रॉप वायर काळी नाहीतर पांढरी, चपटी असते, आत केसाएवढी काच आणि बाजूला दोन ताठ तारा, आणि टोकाला हिरवा कनेक्टर. ती ज्या डब्यात जाते त्यावर पॉन (फायबर जोडलंय हे सांगणारा) आणि एलओएस असे दिवे असतात. हे दिवे नसलेला नुसता वायफायचा राउटरच आणून ठेवला तर समजायचं फायबर बाहेर कुठंतरी संपलंय.

ठाण्याचा_ग्राहक

मला एक वेगळी बाजू मांडायची आहे, कारण वर सगळे म्हणतायत की कंपनी देते आणि आपला वायफाय खातो. नेहमी तसं नसतं. आमच्या सोसायटीत एक सेवा आहे (नाव घेत नाही), सकाळी वायरवर ९८ आणि रात्री नऊ ते साडेअकरा वायरवरच १२-१५. तक्रार केली की माणूस येतो, स्पीड टेस्ट उघडतो, त्यांच्याच सर्व्हरवर टेस्ट घेतो, १०० दाखवतो आणि सही घेऊन जातो. त्यांच्या आतल्या जाळ्यातलं मोजमाप आहे ते, बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध नाही. टेस्ट घेताना सर्व्हर बदलायचा, मुंबईतलाच पण दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा, मग सिंगापूरचा घेऊन बघायचा. फास्ट डॉट कॉम ही नेटफ्लिक्सची टेस्ट आहे, ती पण घ्यायची. आणि हो, यूट्यूब नि नेटफ्लिक्स सुरळीत चालतं म्हणजे लाईन चांगली असं पण धरू नका, त्यांचे साठे कंपनीच्याच जाळ्यात ठेवलेले असतात बऱ्याचदा, ते चालतंच. ऑफिसचं काम, मोठी फाईल वर टाकणं, तिथे खरं कळतं.

कायद्याकडून फार आशा ठेवू नका. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे, मग ५१२ झालं, आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने व्याख्या बदलून किमान २ एमबीपीएस केली. दोन! प्लॅनवर लिहिलेलं असतं "१०० पर्यंत", त्या "पर्यंत"मध्ये सगळं बसतं. त्यामुळे वर्षभराचे पैसे एकदम भरू नका, कितीही डिस्काउंट दिला तरी. पहिले दोन-तीन महिने महिन्याच्या बिलावर चालवा, रात्रीचे टेस्टचे स्क्रीनशॉट वेळेसकट ठेवा, तक्रार लेखी करा आणि तक्रार क्रमांक घ्या. तिथे ऐकलं नाही तर मोठ्या कंपन्यांना अपिलाचा अधिकारी ठेवावाच लागतो, त्याच्याकडे जायचं. आमच्याकडे चार घरांनी मिळून असं केलं तेव्हा त्यांनी मागची क्षमता वाढवली, आता रात्री ७०-८० असतं.

आणि किमतीत १८ टक्के जीएसटी धरा, ६९९ चा प्लॅन हातात ८२५ ला पडतो, ९९९ चा ११७९ ला.

नाशिकचा_गेमर

मुलाच्या गेमसाठी कुणी ३०० घ्यायला सांगत असेल तर ऐकू नका. ऑनलाईन गेम खेळताना एक एमबीपीएस पण धड लागत नाही, लागतो तो कमी पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. पिंग प्लॅनने कमी होत नाही, सर्व्हर किती लांब आहे त्यावर असतो, काचेतून उजेड सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो आणि त्याच्या पुढे कुठलाच प्लॅन जात नाही. मुंबईचा सर्व्हर असेल तर सांगलीहून फायबरवर १०-१५ मिलिसेकंद यायला हरकत नाही, तांब्यावर हेच ३०-४० असतं. सिंगापूरचा ६०-७० च्या खाली विसरा. तुमच्या मिस्टरांचा अमेरिकेचा क्लायंट न्यूयॉर्कच्या बाजूला असेल तर दोनशेच्या आसपास राहणारच, १०० घ्या नाहीतर एक हजार घ्या, बोलताना तो किंचित उशीर जाणवतो तो तसाच राहील. फक्त आवाज तुटायचा बंद होईल.

मोठा प्लॅन जाणवतो तो गेम उतरवताना. ५० जीबीचा गेम तुमच्या आत्ताच्या ५-६ च्या लाईनवर अठरा ते बावीस तास घेत असेल, १०० वर सव्वा तासात होतो, ३०० वर पंचवीसेक मिनिटांत, आणि तसे गेम महिन्याला किती उतरवणार. तुमच्या दोन जीबीच्या व्हिडिओचं पण असंच, पाऊण एमबीपीएसने सहा तास लागतात म्हणून तर रात्रीत तुटतो, १०० अपलोड मिळालं तर तीन मिनिटं. यूट्यूब किंवा ड्राइव्ह त्या बाजूने जरा हळू घेतात म्हणून दहा मिनिटं धरा.

अपलोड चालू असताना मुलाचा पिंग उडत असेल तर राउटरमध्ये क्यूओएस म्हणून सेटिंग असतं ते चालू करून अपलोडला थोडी मर्यादा घाला, भांडणं मिटतात.

एका_पेठेतला

घराची बेरीजच करून टाकू. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की फोर-केला १५ एमबीपीएस आणि फुल एचडीला ५ पुरतात. सासऱ्यांची मॅच फोर-के धरा २०, तुमचा वर्ग ४, मिस्टरांचा कॉल ४, मुलाचा गेम आणि मागे चालू असलेली अपडेटं १५, मोबाईल सगळ्यांचे मिळून १०. सगळं एकाच वेळी चालू धरून सुद्धा ५०-५५. १०० मध्ये निम्मं शिल्लक राहतं.

डेटाची चिंता करू नका, मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबी असतात, म्हणजे दिवसाला ११० जीबी. फोर-के पिक्चर तासाला सात जीबीपर्यंत खातो, रोज पंधरा तास बघितला तरच संपेल. एअरफायबर म्हणून जे ५जी वरचं देतात त्यात मर्यादा कमी असते आणि स्पीड पण टॉवरवरच्या गर्दीप्रमाणे वरखाली होतो, गल्लीत वायर आलीच आहे तर तुम्ही त्याच्या वाट्याला जाऊ नका.

वाचलेल्या पैशातून एक चांगला ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही असलेला) राउटर घ्या, किंवा मेश, म्हणजे घरभर ठेवायचे एकमेकांना जोडलेले दोन-तीन डबे. लाईन तेवढी असेल तर ५ गिगाहर्ट्झवर त्याच खोलीत साधा मोबाईल पण २००-३०० दाखवतो.

वाडा_ते_फ्लॅट

मेश सांगताय पण ताईंच्या घराच्या भिंती वाचल्यात का, दीड फुटी दगडी. ५ गिगाहर्ट्झ त्यातून पलीकडे जातच नाही म्हटलं तरी चालेल, आणि वरती स्लॅबमध्ये सळ्या. मेशचे दोन डबे आपसात पण वायफायनेच बोलतात ना, खालचा हॉलमध्ये आणि वरचा वरच्या खोलीत ठेवला तर दोघांच्या मध्ये तीच भिंत आणि तोच स्लॅब येणार. आणि ते ५००-७०० चं रिपीटर प्लगमध्ये खोचायचं घेऊ नका, एकाच रेडिओवर ऐकायचं आणि त्याच्यावरच बोलायचं त्यामुळे स्पीड निम्मा होतो तिथेच.

माझं स्पष्ट मत, खालून वर एक कॅट-६ वायर टाकून घ्या. बाहेरून पावसाच्या पाईपशेजारून बारीक पट्टीतून नेली तरी चालते, इलेक्ट्रिशियन अर्ध्या दिवसात करतो. वर एक दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून (वायरने आलेलं नेट तिथून वायफायवर देणारा) लावा आणि तुमचा शिकवायचा लॅपटॉप तर वायरनेच जोडा, वर्ग चालू असताना वायफाय नकोच. वायर घेताना मात्र पूर्ण तांब्याची मागा. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली सर्रास मिळते, निम्म्या किमतीत, सीसीए लिहिलेलं असतं बारीक अक्षरात. टोक सोलून ब्लेडने तार खरवडली की आतून पांढरी निघते, ती घ्यायची नाही. तशी तार वाकवली की मोडते आणि दोन वर्षांत पिनांशी कुजते.

फायबरचा डबा कुठे बसवायचा हे लावणाऱ्या माणसाला ठरवू देऊ नका. तो दारातून आत आला की पहिल्या प्लगजवळ बसवून मोकळा होतो, आणि मग तो बसतो शोकेसच्या मागे नाहीतर लोखंडी कपाटाच्या वर. उघड्यावर, डोक्याच्या उंचीला, घराच्या मध्याकडे, आणि फ्रीज-आरसा-कपाट यांच्यापासून लांब. ड्रॉप वायर पाच-दहा मीटर जास्त लागली तर लागू दे, ती घरात आणायला काय पैसे पडतात.

एका_पेठेतला

दगडी भिंतींचं मान्य, त्या घरात वायरच. मी मेश म्हणालो ते फ्लॅट डोळ्यासमोर ठेवून.

कृष्णाकाठ_सांगली

सगळ्यांचे सल्ले वहीत उतरवून घेतले आणि काल काम झालं, म्हणून सांगायला आले. केबलवाल्याला नाही म्हटलं. कंपनीचं थेट घरात येणारं फायबर घेतलं, १५० चा, कारण अपलोड पण १५० आहे हे त्यांनी मेलवर लिहून दिलं, १०० च्या प्लॅनचं कुणी लिहून द्यायला तयार नव्हतं. पैसे महिन्याचेच भरले.

लावायला आलेल्या मुलाला पॉवर दाखवा म्हटलं तर तो चमकलाच, पण दाखवली, उणे २५. पुसून बघा म्हटलं तर त्याने कनेक्टर पुसला, गेटवरचा ताण काढून वायर मोठ्या वळणाने घेतली आणि उणे २१ झाली. डबा हॉलमध्ये जिन्याजवळ उघड्यावर बसवलाय. खाली वायरने १५६ खाली आणि १५२ वर, रात्री साडेनऊला दुसऱ्या सर्व्हरवर पण १४० च्या खाली गेलं नाही. हॉलमध्ये मोबाईलवर ५ गिगाहर्ट्झला १४५. कालच्या वर्गाचं रेकॉर्डिंग मी स्वयंपाकघर आवरेपर्यंत अपलोड झालेलं होतं, मुलांना झोपायच्या आधी मिळालं. मला किती बरं वाटलं काय सांगू.

आता एकच राहिलंय. वर कॅट-६ टाकून घेतली, तांब्याचीच, खरवडून बघितली. पण वरच्या खोलीत लॅपटॉप वायरने जोडला की ९४ येतात. कधीही टेस्ट घ्या ९४, फार तर ९५. तोच लॅपटॉप खाली नेला की १५६. वायर लांब झाली म्हणून असेल का?

स्प्लायसिंगवाला_जयसिंगपूर

लांबीचा संबंध नाही ताई, एवढी वायर म्हणजे काहीच नाही. ९४ आकडा स्थिर येतो म्हणजे ती लाईन १०० वर जोडली गेलीय. वायरच्या आत चार जोड्या असतात, गिगाबिटला चारही लागतात, १०० ला दोनच पुरतात. एखादी तार पिनमध्ये नीट बसली नसली की दोन्हीकडची मशीनं गुपचूप १०० वर येतात आणि वरचा खर्च जाऊन हातात ९४ राहतात. लॅपटॉपमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा, १०० एमबीपीएस दिसेल तिथं. १००० दिसायला पाहिजे.

इलेक्ट्रिशियननं पिन मारलीय ना, त्याला दोन्ही टोकं कापून परत मारायला सांगा आणि टेस्टरवर आठही दिवे लागलेले बघूनच त्याला सोडा. बरेच जण सवयीनं चार तारा मारतात, कॅमेऱ्यांची कामं करून करून. मध्ये जुना राउटर लावला असेल तर त्याची पोर्टं पण १०० ची असू शकतात, आधी तो काढून वायर थेट लावून बघा. आणि टीव्हीला पुढं वायर जोडलीत आणि तिथं ९४ दिसले तर घाबरू नका, बऱ्याच टीव्हींचं पोर्टच १०० चं असतं आणि मॅचला तेवढं पुष्कळ होतं.

कृष्णाकाठ_सांगली

बरोबर निघालं! खाकी नि पांढरी-खाकी अशी जोडी टोकाला नुसती कापून सोडलेली होती. परत पिन मारून घेतली, आठही दिवे बघितले, आता लिंक १००० दाखवतं आणि वर १५४ येतात.

लाईट गेल्यावर काय करायचं तेवढं सांगा, आमच्याकडे दुपारी अधूनमधून जाते आणि तेव्हाच वर्ग असतो. आणि जुनी लँडलाईन आता बंद करून टाकू ना?

स्प्लायसिंगवाला_जयसिंगपूर

डब्याच्या ॲडॉप्टरवर बघा, १२ व्होल्ट आणि १ किंवा दीड ॲम्पियर असं लिहिलेलं असेल. त्याच मापाचा राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, मोबाईलच्या पॉवर बँकेएवढा, तीन-चार तास निघतात. वरच्या राउटरला पण तसाच एक घ्या, नाहीतर खालचं चालू आणि वरचं बंद होऊन वर्ग तुटेल.

लँडलाईन लगेच बंद करू नका. सासऱ्यांचा नंबर सगळ्या नातेवाईकांकडं, बँकेत दिलेला असेल, तो नंबर तिथंच फायबरवर घेता येतो का ते आधी त्यांच्या ऑफिसात विचारा. शिवाय एक बिल दोन्ही लाईनी राहू द्यात, रात्रीची गर्दी, एखादा मोठा पाऊस असं सगळं ह्या नव्या लाईनीवरनं जाऊ दे. मग अर्ज द्या, त्यांचा मोडेम परत केल्याची पावती घ्या आणि डिपॉझिट भरलेलं असेल तर ते पण मागून घ्या, मागितल्याशिवाय मिळत नाही.